बांधावरची कसरत

आम्ही आमची जमीन विकायला काढली आहे, ही बातमी मला सगळ्यात शेवटी कळली. त्याआधी ती भावकीला कळली होती, दूध घालणाऱ्याला कळली होती, आणि पिरंगुटच्या बाजारात कोथिंबीर विकणाऱ्या बाईला तर गिऱ्हाईक पुण्याच्या कुठल्या भागातलं आहे इथपर्यंत कळली होती. विशेष म्हणजे, जमीन विकणारी बाई मीच होते!

प्रत्यक्षात मी व्यायाम करत होते. पण मुळशी तालुक्यात पन्नाशीची बाई सकाळी सकाळी शेताच्या बांधावरून सरळ रेषेत झपझप चालली, टोकाला पोचल्यावर थांबली, मनगटाकडे बघितलं आणि तश्शीच सरळ रेषेत माघारी आली, तर त्याला कुणी व्यायाम म्हणत नाही. त्याला मोजणी म्हणतात.

आता हे सगळं सुरू कुठून झालं ते सांगते. पावसाळ्यापासून माझी पाळी अनियमित झाली आणि तिच्यामागोमाग मीही. बाहेर धरणाकडून धुकं आलेलं, मालक (म्हणजे आमचे नवरोबा, दिलीप) दोन गोधड्या घेऊन गुडुप झोपलेले, आणि मी मात्र पंखा फुल सोडून भिंतीला पाठ लावून बसलेली. अंगातून अशी वाफ निघायची की माझ्यावर इडल्या झाल्या असत्या. झोपेचं तर नावच नको. स्वभाव आधीच फार गोड नव्हता, त्याचं आता पार लोणचं झालं. आमच्या मागच्या दोन खोल्यांत कंपनीतली पोरं भाड्यानं राहतात, त्यांचा डबा मी करते. त्यातला एक बिचारा म्हणाला, "काकू, आज आमटीत मीठ थोडं कमी आहे का?" आणि मी रडायला लागले! आमची दुभती म्हैस गेली तेव्हा जिच्या डोळ्याला पाणी आलं नाही, ती मी मिठावरून हमसून हमसून रडले. पोरगं घाबरून आठवडाभर अळणी जेवलं.

शेवटी पिरंगुटला डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तपासण्या केल्या, सगळं ठीक निघालं, आणि म्हणाल्या, "पाळी जाण्याचा काळ आहे हा. औषधं आहेत, लागली तर देईन. पण आधी व्यायाम सुरू करा. रोज भरभर चालायचं. आणि वजनं उचलायची, हाडं ठिसूळ होतात या वयात. घाम लगेच थांबेल असं मी सांगत नाही, पण झोप सुधारेल, चिडचिड कमी होईल."

मी म्हटलं, "डॉक्टर, मी पहाटेपासून राबते. अजून काय व्यायाम करू?"

"राबणं वेगळं, व्यायाम वेगळा. राबताना तुमचं अर्धं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे असतं. रोज थोडा वेळ दुधाला विसरा."

हे मात्र मला पटलं.

पहिल्या दिवशी मी रस्त्यानं निघाले. ही पहिली चूक. आमच्याकडे ओळखीच्या माणसाला पायी जाताना बघून गाडी पुढं नेणं म्हणजे पाप. वळणावरच टेम्पो थांबला.

"वैनी, बसा."

"नको, मी चालतेय."

"ते दिसतंय की. म्हणून तर म्हणतोय, बसा."

"अहो, मला कुठं जायचंच नाही."

"मग चालताय कशापाई?"

या प्रश्नाला तालुक्यात कुणाकडे उत्तर असेल तर मला कळवावं. टेम्पोला कसंबसं वाटेला लावलं, तर मोटारसायकल थांबली. मोटारसायकलला घालवलं, तर मालकांच्या मावसभावाची जीप आली आणि त्यानं दारच उघडून धरलं. नात्यातला माणूस, त्यातून मागं दोन गाड्या हॉर्न वाजवायला लागलेल्या. बसले. थेट पौडला उतरवलं! तिथून भाजी घेऊन बसनं परत आले. व्यायाम शून्य, वांगी पिशवीभर. आणि संध्याकाळी चावडीपाशी मालकांना कुणीतरी हळूच विचारलं, "घरात काय झालं का रं? वैनी सकाळच्या पारी रस्त्यानं निघाल्या व्हत्या. हातात पिशवी पण न्हवती."

म्हणून मी बांध धरला.

हा बांध साधा नाही. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, हयातीतच दोन्ही मुलांना जमीन वाटून दिली होती. सातबारा अजून सामाईकच आहे, वाटणी तोंडी. बाबांनी दोघांना शेतात उभं केलं, मधला बांध दाखवला आणि म्हणाले, "वरचं दिलीपचं, खालचं बाळूचं. भांडलात तर मी वर गेल्यावर पण खाली येईन." बाबांचा स्वभाव बघता ते खरंच आले असते, त्यामुळे कुणी भांडलं नाही. आमच्या गावात बांधावरून कोर्टात गेलेले सख्खे भाऊ शेजारीशेजारी राहतात आणि एकमेकांच्या कोंबड्यांनाही ओळख देत नाहीत. त्यात आमची एकच भावकी अशी, की माझ्या घरातली कालवणाची वाटी माझ्या जावेकडे, मंदाकडे, जायची आणि तिच्याकडून तीच वाटी भरून परत यायची. लोक आपल्या पोरांना आमचं उदाहरण द्यायचे. (पोरं ऐकत नसत, तो भाग वेगळा.)

भात निघून गेलं होतं, शेत मोकळं, थंडी पडलेली, बांध कोरडा खडखडीत. मी पायात बूट, अंगावर साडी आणि साडीवर मालकांचा जुना स्वेटर अशा अवतारात चालायला लागले. एका टोकाला आंबा, दुसऱ्या टोकाला करवंदीची जाळी. आंबा ते करवंद, करवंद ते आंबा. आमची मुलगी प्राजक्ता पुण्याजवळ सूसला राहते, तिनं घड्याळ पाठवलं होतं. त्यात काय काय मोजलं जातं देव जाणे, पण थोडा वेळ हळू चाललं की ते मनगटावर गुरगुरतं. गुरगुरलं की मी थांबून त्याच्याकडे रागानं बघायची आणि वेग वाढवायची.

धुक्याच्या दिवसात करवंदीची जाळी दिसायची नाही, एकदा मी सरळ तिच्यात शिरले. म्हणून दोन्ही टोकांना काठी रोवून वर लाल चिंधी बांधली. मला त्यात काही गैर वाटलं नाही. सोयीची गोष्ट होती.

मग वजनांचा विषय आला. प्राजक्ता फोनवर म्हणाली, "आई, मी डंबेल्स घेऊन देते."

"दगडाच्या गावात राहून वजनं विकत आणू? लोक हसतील."

"अगं, पण पकडायला नीट पाहिजेत."

"बघते मी."

एका हातासाठी घरातला वरवंटा घेतला. दुसऱ्या हाताला जोड मिळेना. शोधता शोधता बांधावरच आंब्याच्या अलीकडे गवतात एक दगड अर्धवट रुतलेला दिसला. काळाभोर, वीतभर लांब, मधे किंचित बारीक. हातात असा बसला, की जणू देवानं माझ्याच हाडांच्या काळजीनं घडवला होता! वर पांढरे डाग होते. बगळ्यांची कृपा, म्हटलं. नळाखाली घासून घासून लख्ख केला.

झालं. आता मी दोन्ही हातांत दोन दगड घेऊन, ते खांद्यापर्यंत वर-खाली करत, लाल चिंधी ते लाल चिंधी चालायला लागले. आणि खरं सांगते, दोन आठवड्यांत फरक पडला. झोप लागायला लागली. घाम यायचा तो यायचाच, पण 'आला, तर आला' असं वाटायला लागलं. खोल्यांतली पोरं पुन्हा मीठ मागायला लागली.

एका सकाळी बाळूभावजी, म्हणजे धाकटे दीर, खालच्या शेतात उगाचच उभे असलेले दिसले. हरभऱ्याकडे बघितल्यासारखं करत होते.

"काय वैनी, रोज रोज हितं?"

"हो, जरा चालते."

"चिंध्या कशाच्या बांधल्याती?"

"कळायला, कुठून कुठपर्यंत ते."

"आसं, आसं." मग जरा थांबून, "दादाला म्हाईत हाय?"

"त्यांना काय माहीत असायचंय त्यात?"

नेमकी त्याच वेळी मला वाफ आली. पोटातून निघाली, गळ्यापर्यंत चढली, कान तापले, कपाळावरून घामाच्या धारा. थंडी अशी, की भावजींच्या तोंडातून बोलताना धूर निघतोय, आणि मी स्वेटर काढून पदरानं वारा घेतेय! भावजी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

"न्हाई न्हाई, वैनी, ऱ्हाऊ द्या. म्या आपलं सहज इचारलं," म्हणाले, आणि असे निघून गेले, जणू चोराला चोरी करताना बघितलंय पण चोर घरातलाच निघालाय.

त्या दुपारी मी मंदाला वालाची उसळ पाठवली. संध्याकाळी वाटी परत आली. रिकामी!

बाहेरच्यांना यात काही वाटायचं नाही. पण आमच्याकडे वाटी रिकामी परत करत नाहीत. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालून देतात. मी वाटी उलटी-पालटी करून बघितली, खाली काही चिकटलंय का ते. काही नाही. धुऊन, पुसून, कोरडी ठणठणीत. इतकी वर्षं मंदा आणि मी एकमेकींची धुसफुस याच वाटीत घालून संपवली. मला रात्री पुन्हा झोप लागली नाही, आणि या वेळी त्यात वयाचा काही दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार. प्राजक्तानं पाठवलेला रबरी पट्टा आला होता. पिवळाधमक, लांबलचक. त्याचं एक टोक खोडाला बांधायचं आणि दुसरं धरून मागं मागं जायचं. दंडाला जोर मिळतो. मी तो आंब्याला बांधून ताणत होते, तेवढ्यात रस्त्याला पांढरी मोठी गाडी थांबली. तिच्यातून आमच्या गावचा नंदू एजंट उतरला. त्याच्यामागून गॉगलवाले गृहस्थ आणि गुलाबी टोपी घातलेल्या त्यांच्या बाई.

"ताई, पार्टी आणलीया," नंदू लांबूनच ओरडला. "बघून घेऊ द्या, बोलणं मागनं."

"कसली पार्टी?"

"आता आमच्यापासनं लपवता व्हय! समद्या गावाला म्हाईत झालंय. चिंध्या काय लावल्या, टेप काय आणली... मोजणीवाल्याचा खर्च पण वाचवला तुमी! तुमच्यासारखी बाई तालुक्यात न्हाई बगा."

ही बातमी मला कळली ती अशी. माझ्या हातातला पट्टा सुटला आणि सट्‌कन जाऊन आंब्याला बसला.

"ए नंदू, जमीन-बिमीन काही विकायची नाही आम्हाला. मी व्यायाम करतेय!"

नंदू गॉगलवाल्यांकडे वळून समजुतीनं हसला. "भाव वाढवायला आसंच म्हणत्यात," त्यानं त्यांना हळू आवाजात सांगितलं. (हळू म्हणजे करवंदीपर्यंत ऐकू जाईल इतकं.) गृहस्थ लगेच धरणाचं पाणी कुठल्या खिडकीतून दिसेल ते ठरवायला गेले. घर नाही, पण खिडकी ठरली.

बाई मात्र तिथंच थांबल्या. माझ्याच वयाच्या. एकदम त्यांनी टोपी काढली, जाकिटाची चेन खाली ओढली आणि टोपीनंच वारा घ्यायला लागल्या. तोंड लालबुंद.

मी विचारलं, "वाफ?"

"हो ना! तुम्हालाही?"

बस्स. त्यानंतर आम्हाला नवरा, जमीन, नंदू कुणी दिसेना. त्या म्हणाल्या, "मला तर काल ऑफिसात एका शिपायाच्या वाढदिवसाला रडू आलं." मी म्हटलं, "मला मिठावरून." त्या म्हणाल्या, "डॉक्टर वजनं उचला म्हणतात, मला कंटाळा येतो." मी म्हटलं, "हा पट्टा धरून बघा." त्यांनी एक टोक धरलं, मी खोडाला बांधलेलं दुसरं सोडून धरलं. त्या करवंदीच्या बाजूला, मी आंब्याच्या बाजूला. मी ओरडले, "ताणा! अजून मागं जा! आता सरळ धरा!" आम्ही दोघी बांधावर पिवळा पट्टा ताणून उभ्या, दोन्ही टोकांना लाल चिंध्या, मधे एजंट. शेवटी त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "किती बरं वाटलं तुमच्याशी बोलून!"

हे सगळं आपल्या घराच्या गच्चीवरून बाळूभावजींनी बघितलं. बघितलं ते बघितलं, फोटोही काढला.

भावकीचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. नाव 'भावकी एकजूट'. त्यातून रोज कुणीतरी रागानं बाहेर पडतं. दुपारी मालक जेवायला बसले होते, तेवढ्यात त्यांचा फोन टुणटुणला. पट्टा ताणलेला माझा फोटो, आणि खाली भावजींचा मजकूर: 'सामाईक जमिनीची मोजणी झाली. सौदा पण झाला. हात मिळवले. आम्हाला विचारलं का?' त्याखाली कुणी संतापाचं तोंड टाकलेलं, कुणी हात जोडलेले, आणि एका चुलतसासऱ्यांनी न वाचताच 'अभिनंदन' लिहिलेलं.

मालकांचा घास हातातच राहिला.

"हे काय करून ठिवलंस?"

"व्यायाम."

"हा व्यायाम हाय? आगं, बाबा गेल्यापास्नं मी आन बाळ्या एक शब्द वाकडा बोललो न्हाई, आन तू हितं... उद्यापास्नं बांधावर पाऊल टाकायचं न्हाई!"

"मग मी झोपू कशी? घरात चिडचिड करत बसू? मागचे चार महिने आठवा जरा."

मालकांनी आठवले. चेहऱ्यावर भीती स्पष्ट दिसली. पण म्हणाले, "भावकी का व्यायाम, काय ते एक ठरीव."

"दोन्ही ठेवते. तुम्ही फक्त त्यांना खरं काय ते सांगा."

"म्या? आसलं? म्या कसं सांगू?"

संध्याकाळी तात्यांच्या ओट्यावर बैठक बसली. तात्या भावकीतले सगळ्यात थोरले; कपाळावर मोठा व्रण, पूर्वी बैलानं मारल्याचा. सगळे पुरुष ओट्यावर, बायका दाराच्या आत. मंदा आत होती, माझ्याकडे न बघता शेंगा फोडत. मी माझी सगळी आयुधं एका पिशवीत घालून नेली होती. पुरावा दाखवल्याशिवाय ही माणसं ऐकायची नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तात्या म्हणाले, "दिलीप, बोल. बाई बांधावर काय करतीया?"

मालक खाकरले. "तात्या, तिला डॉक्टरनं चालाया सांगितलंय."

"का? काय झालंय?"

"ते आपलं... वयाचं."

"म्हंजी गुडघं?"

"गुडघं न्हाई. गुडघ्याच्या... वर."

"कंबर?"

"कंबरंच्या... म्हंजी... समदीकडंच."

"समदीकडं काय झालंय?" तात्या घाबरले. "आरं, मग दवाखान्यात न्ह्या की तिला! बांधावर काय फिरिवताय?"

बाळूभावजी तावातावानं उठले. "तात्या, ह्यो उडवाउडवी करतोय. वैनीला मी तोंडावर इचारलं, तर हिवाळ्यात घाम फुटला त्यांना! मनात पाप नसंल तर घाम फुटंल का?"

आता मात्र माझी वाफ खरोखरच वर आली. मी पदर खोचला आणि ओट्यावर पाऊल टाकलं.

"भावजी, घाम पापाचा नाही. माझी पाळी जातेय! म्हणून घाम येतो, म्हणून झोप येत नाही, म्हणून मी चालते. झालं समाधान?"

गोठ्यातली म्हैससुद्धा रवंथ करायची थांबली. एकजण आढ्याकडे बघायला लागला. दोघांना एकदम आपापल्या चपला सापडेनात. मालक तर खांबामागं गेले. खांब बारीक, त्यामुळे दोन्ही बाजूंनी दिसत होते.

आतून तात्यांच्या बायकोचा, काकींचा, आवाज आला. "एवढ्यासाठी मिटिंग घेतली व्हय रं तुमी? आमच्या टायमाला आसला काय व्यायाम न्हवता. मला तर त्या वर्साला ह्यांचं नुसतं खाकरणं ऐकलं तरी डोस्क्यात जाळ व्हायचा. तांब्या फेकून मारला व्हता म्या ह्यांना."

सगळ्यांनी एकदम तात्यांच्या कपाळाकडे बघितलं.

तात्यांनी टोपी खाली ओढली. "बैलच व्हता," म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

आत बायका अशा हसल्या, की शेंगांची सुपं कलंडली. मंदा दारात आली. "ताई, मला का न्हाई सांगितलं? मला पण गेल्या दिवाळीपास्नं तेच चाललंय. मला वाटलं, चुलीपाशी बसून बसून गरम व्हतंय."

बाळूभावजी बायकोकडे बघतच राहिले. "तरीच," एवढंच म्हणाले. पण त्या 'तरीच'मध्ये दिवाळीपासूनचं सगळं आलं.

आता मी थांबायला हवं होतं. शहाणी बाई थांबली असती. पण अंगात वकील संचारला होता. मी पिशवी उघडली. "आणि ही तुमची टेप!" म्हणून पिवळा पट्टा काढून सगळ्यांसमोर ताणून दाखवला. एक-दोघांनी हात लावून बघितला. "खरंच की, रबर हाय!"

"आणि हा वरवंटा. एका हातात धरून चालते, हाडं मजबूत होतात." वरवंटा ओट्यावर ठेवला.

"आणि हा," मी विजयी मुद्रेनं शेवटची वस्तू बाहेर काढली, "दुसऱ्या हातातला!"

मालक खांबामागून पुढं आले. बाळूभावजी खाली वाकले. तात्यांनी चष्मा लावला.

"दिलीप," तात्या सावकाश म्हणाले, "ह्यो तर तुझ्या बानं रोवलेला हद्दीचा दगड."

"नाही हो," मी म्हटलं, "गवतात पडला होता. वर नुसती बगळ्यांची घाण..."

"ती घाण न्हवती, वैनी. चुना व्हता. बाबा दर दिवाळीला लावायचं." भावजींनी दगड उचलून छातीशी धरला. "बाबा गेल्यावर आमी दोघांनी लावल्याला."

तुम्हाला सांगते, माझ्या आयुष्यात मला इतकी वाफ कधीच आली नव्हती. ती वयाची होती की लाजेची, हे डॉक्टरीणबाईंनासुद्धा सांगता आलं नसतं. आख्खी भावकी ज्या दगडाच्या भरवशावर सुखानं नांदत होती, तो दगड मी दंडाला जोर यावा म्हणून आठवडेच्या आठवडे खांद्यापर्यंत वर-खाली करत होते! गावात कुठल्याही भाऊबंदानं चोरून केलं नसतं, ते मी उजेडात, बूट घालून, सगळ्यांच्या देखत केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बांधावर जमले. तात्यांना खुर्ची आणली.

"वैनी, दाखवा. कुठनं उचलला व्हता?"

मी ऐटीत आंब्यापाशी गेले. "इथून." मग जरा पुढं. "नाही, इथून." मग पुन्हा मागं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, या काळात विसरायला होतं. इतक्या अचूक वेळी होतं, हे सांगितलं नव्हतं. त्यातून मी इतके दिवस चालून चालून बांधाच्या दोन्ही बाजूंचं गवत तुडवून टाकलेलं. मूळ बांध कुठला आणि माझी पायवाट कुठली, तेच कळेना.

मालक म्हणाले, "हितं आसंल."

भावजी म्हणाले, "न्हाई दादा, मला चांगलं आठवतंय. हितं व्हता." आणि त्यांनी दाखवलेली जागा आमच्या हद्दीत चांगली हातभर आत होती. मालकांनी माझ्याकडे बघितलं. ज्या बाईनं दगड पळवला, तिनं दगडाची जागा कुठल्या तोंडानं सांगायची?

"रोव तिथंच," मालक म्हणाले. आणि नंतर माझ्या कानाशी, "तुझी डंबेलं सोन्याची घेतली आसती तरी सस्तात पडली आसती."

भावजींनी दगड रोवला, मंदानं चुना लावला. दुपारी तिच्याकडून वाटी आली. काठोकाठ भरलेली, वर झाकण घालायला जागा नाही अशी. हातभर जमिनीच्या मानानं चिकनचा रस्सा खरंच सढळ हातानं दिला होता तिनं.

आता मंदा आणि मी रोज सकाळी बरोबर चालतो, परवापासून काकीही काठी टेकत येतात आणि आंब्याखाली बसून आम्हाला "हात हालवा की!" म्हणून ओरडतात. दगडाला हात लावायचा नाही, ही मालकांची सक्त ताकीद. मला झोप लागते, वाफ येते आणि जाते, पोरांच्या आमटीत मीठ असतं.

मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी मला काट्यावर उभं केलं आणि विचारलं, "मग, एवढा व्यायाम केलात, काही हललं का?"

"हललं तर," मी म्हटलं. "वजन तसूभर नाही, पण बांध हातभर हलला!"